अकरा नंबरचे ऐंशी

ऐंशीभाऊंना हे नाव वयामुळे पडलं नाही. वय त्यांचं अवघं त्रेचाळीस. जिना चढताना बघितलं तर कुणालाही शंका यावी, पण ते सोडा. नाव पडलं ते मालवाहतुकीच्या तेवीस ट्रकांमुळे आणि एका सरकारी पत्रामुळे.

भाऊ त्या ट्रकवाल्या कंपनीत कागद सांभाळायचे. कुठल्या गाडीचा विमा कधी संपतो, कुणाचा धुराचा दाखला काढायचा राहिलाय, कुठल्या ड्रायव्हरचं लायसन चष्म्याच्या नंबरावर अडलंय, सगळं त्यांच्या डोक्यात. स्वभाव सावकाश. चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून, थोडी वाट बघून प्यायचे; तोवर शेजारच्याचा चहा पिऊन, कप धुऊन, पालथा घालून झालेला असायचा. आयुष्यात या माणसाने घाई एकदाच केली, सातव्या महिन्यात जन्माला आला, आणि ती चूक पुन्हा म्हणून होऊ दिली नाही, असं त्यांची बायको सांगायची.

बायको म्हणजे उलटं टोक. दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर ती कामाला होती आणि जाता जाता भाऊंना स्कूटरवरून ऑफिसच्या फाटकाशी सोडायची. भाऊ मागे डोळे मिटून बसत. स्कूटर थांबली की एक डोळा उघडत, फाटक दिसलं की दुसरा.

तर पत्र आलं. यापुढे प्रत्येक मालवाहू गाडीला स्पीड लिमिटर हवा. हा लिमिटर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. ती इंजिनाजवळ बसवतात. गाडीने ताशी ऐंशी किलोमीटर गाठले की पेटी इंजिनाला म्हणते, पुरे, आता पुढचा घास नाही. मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवर दोन्ही पायांनी उभा राहिला तरी काटा ऐंशीच्या पुढे सरकत नाही. नुसती पेटी बसवून मात्र भागत नाही. तपासणीच्या बाई येतात, ड्रायव्हरशेजारी बसतात, गाडी हाणायला लावतात, काटा अडलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. मग पेटीला शिशाचं सील ठोकतात आणि गाडीच्या पाठीवर गोल चकती चिकटवतात. चकतीवर आकडा: ऐंशी.

भाऊंना हा नियम इतका आवडला की जणू तो त्यांना विचारूनच केला होता. ड्रायव्हरांना तितकाच नावडला. एकाने सांगितलं, पेटीमुळे माझ्या पोटऱ्या दुखतात. दुसऱ्याने सांगितलं, पेटी डिझेल पिते, मी स्वतः आवाज ऐकलाय. तिसऱ्याचं दुःख खरं होतं. फिटरने पहिल्या पाच पेट्या बसवल्या त्यात हात हलला आणि एकाची गाडी सत्त्याहत्तरला अडू लागली, एकाची त्र्याऐंशीला. त्र्याऐंशीवाली बाईंनी परत पाठवली. सत्त्याहत्तरवाला मात्र भाऊंच्या टेबलाशी येऊन बसला.

"भाऊ, मी काय सावत्र आहे का? त्याला ऐंशी आणि मला सत्त्याहत्तर?"

"तीन किलोमीटरने काय बिघडतंय रे?"

"तासाला तीन. दिवसाचे आठ तास धरा. मी रोज चोवीस किलोमीटर मागे. महिन्याने मी घरीच पोचणार नाही."

हा हिशोब ऐकून बाकीचेही आपापल्या गाड्या पुन्हा मोजून घ्यायला लागले. डेपोत आठवडाभर भाऊबंदकी माजली. शेवटी भाऊंनी फिटरला पाचही पेट्या बरोबर ऐंशीवर आणायला लावल्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरात लिहून भिंतीवर टांगलं: 'ऐंशी म्हणजे ऐंशी. एकोणऐंशी नाही, एक्याऐंशी नाही. सर्वांना सारखे.' त्या दिवसापासून ते ऐंशीभाऊ.

एकेक करत बावीस गाड्या पास झाल्या. राहिली एक. अकरा नंबर.

अकरा नंबर ही ताफ्यातली सगळ्यात जुनी गाडी, आणि ती चालवायचे भाऊंचे सासरे. भाऊ त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळा डेपो मामा म्हणे. बासष्ट वर्षांचा ताठ माणूस, मिशा गाडीच्या बंपरसारख्या पुढे आलेल्या. जावयाच्याच घरी राहत, पण आठवड्यातले पाच दिवस गाडीवर, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मामांनी सगळ्यांसमक्ष सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग ते हातात धरणार नाहीत. अकरा नंबर ज्या दिवशी भंगारात, त्या दिवशी ते घरी.

पेटी बसवली, बाई शेजारी बसल्या, मामांनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली आणि पाय दाबला. काटा चढला. चाळीस, पन्नास, साठ. एकसष्ट. बासष्ट. आणि तिथे बसला, मांडी घालून.

"दाबा की," बाई म्हणाल्या.

"दाबलाय."

"पूर्ण दाबा."

"बाई, आता याहून दाबला तर पाय खाली रस्त्याला लागेल."

बाई तिशीच्या, कामाला चोख. गाडी लागू नये म्हणून तोंडात लवंग धरून बसायच्या. डेपोत परतल्यावर त्यांनी भाऊंच्या वहीत लिहिलं, 'बासष्ट. ऐंशीला अडते की नाही, दिसले नाही', आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "जी गाडी ऐंशीला पोचतच नाही, ती ऐंशीला अडते हे मी कशावरून लिहू?"

"पण मॅडम, पोचतच नाही म्हणजे नियम आपोआप पाळला की," भाऊ काकुळतीने म्हणाले.

"पाळला ते ठीक. पेटीने पाळला की गाडीच्या म्हातारपणाने, ते मला लिहावं लागतं. पुढच्या गुरुवारी येते. शेवटची खेप. त्यानंतर जी राहील ती रस्त्यावरून बाद."

कंपनीच्या मालकीणबाईंनी तिथल्या तिथे मान डोलावली. "बाद तर बाद. भंगारवाला कधीचा मागे लागलाय."

भाऊंना गेलं वर्ष आठवलं. मामांची पाठ धरली होती आणि ते तीन आठवडे घरी होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून ग्रीस लावलं; त्यानंतर एकही दार उघडं ठेवलं की उघडं राहीना आणि लावलं की लागेना. दुसऱ्या आठवड्यात मिक्सर उघडला. तो पुन्हा जोडला तेव्हा चार स्क्रू उरले आणि मिक्सर ओट्यावरून स्वतः चालत जायला लागला. भाऊ दात घासत असले की मामा मागे उभे. "डावीकडून घ्या. आता मागे घ्या. अजून. अजून. बस." तिसऱ्या आठवड्यात मात्र मामा गप्प झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसत, खालून ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून म्हणत, "सिमेंट. ओव्हरलोड." आणि मग तासभर काहीच म्हणत नसत. भाऊंना मिक्सरपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

त्या संध्याकाळी बायकोने ताटं मांडता मांडता विचारलं, "काय झालं बाबांच्या गाडीचं?"

भाऊंनी सांगितलं. तिचा हात थांबला. हे क्वचित घडायचं.

"तुम्ही गाड्यांचा वेग कमी करायला नोकरीला आहात ना?"

"हो."

"मग आता वाढवा. काहीही करा. बाबा घरी बसले तर या घरात एक ते तरी राहतील नाहीतर नवा मिक्सर तरी. आणि बाबा गॅलरीत बसलेले मला पुन्हा बघवणार नाहीत."

अशा रीतीने, ज्या माणसाने सहा महिने तेवीस ड्रायव्हरांना हळू जा म्हणून बोलून बोलून घसा बसवून घेतला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अकरा नंबर जोरात पळवायची आहे. कुणाला सांगू नकोस."

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

पण फिटर कामाचा गडी. त्याने फिल्टर बदलले, नळ्या साफ केल्या, दिवसभर बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसला. संध्याकाळी चाचणी. त्रेसष्ट.

"एकने वाढली," फिटर अभिमानाने म्हणाला.

"वारा मागून होता," भाऊ म्हणाले.

मग वजनाकडे मोर्चा वळला. मामांनी इतक्या वर्षांत केबिनचा संसार थाटला होता. फिटर आणि भाऊ एकेक वस्तू उतरवायला लागले: घडीची खाट, दोन गाद्या, स्टोव्ह, तीन जॅक, त्यातले दोन मोडके, पाण्याची चार पिंपं, आरसा, एक अख्खी खिडकी, आणि कुलूप लावलेली लोखंडी पेटी.

"हिच्यात काय आहे मामा?"

"किल्ली हरवली तेव्हापासून मलाही माहीत नाही."

"मग वागवता कशाला?"

"काहीतरी कामाचं असलं तर?"

पेटी उतरवायला चार माणसं लागली. चाचणी झाली. चौसष्ट. मामा त्या उघड्याबोडक्या केबिनमध्ये बसून असे दिसत होते, जणू न्हाव्याने न विचारता त्यांच्या मिशा काढल्या होत्या.

"जावईबापू," ते म्हणाले, "ऐंशीसाठी अजून माझे कपडे उतरवायचेत का?"

भाऊंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना एक उतार आठवला होता. कालव्याच्या पुलापलीकडे रस्ता दीड किलोमीटर सरळ खाली जातो. उतारावर गाडी स्वतःहून ऐंशी गाठेल, बाईंना काटा दिसेल, सील बसेल. इतकं सोपं. हा विचार भाऊंना बुधवारी सुचला आणि त्या आनंदात त्यांनी चहा गरमच पिऊन टाकला.

गुरुवारी बाई आल्या. केबिनमध्ये मामा, मधे बाई, खिडकीशी भाऊ. पूल ओलांडला आणि गाडी उताराला लागली.

"दाबा मामा," भाऊ म्हणाले.

"दाबलाय."

साठ. चौसष्ट. सहासष्ट. केबिनमधली प्रत्येक वस्तू थरथरायला लागली. उतरवलेल्या वस्तूंच्या जागाही थरथरत असाव्यात. काच खुळखुळत होती, दाराची मूठ निखळून भाऊंच्या मांडीवर येऊन पडली. भाऊंनी ती खिशात टाकली.

"दाबा मामा, अजून दाबा, कुणी नाहीये पुढे," असं ऐंशीभाऊ ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे डोळे चालत्या वाहनात उघडे होते.

तेवढ्यात उजव्या बाजूने एक स्कूटर आली आणि त्यांच्या बरोबरीने पळू लागली. तिच्यावर भाऊंची बायको. भाऊंना सोडून, एक काम उरकून दवाखान्याला निघाली होती. तिने वडिलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि चालत्या स्कूटरवरूनच विचारलं, "काय झालं बाबा, गाडी बिघडलीय का? एवढ्या हळू?"

मामा समोर बघत राहिले. बायकोने हात हलवला आणि पुढे निघून गेली, बघता बघता ठिपका झाली.

एकाहत्तर. बाहत्तर नाही. उतार संपला, काटा उतरू लागला आणि पुढच्या गतिरोधकावर अकरा नंबर एकदा उसळून कडेला उभी राहिली. इंजिन धापा टाकत होतं.

बाईंची लवंग गिळली गेली होती. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "भाऊ, एक विचारू? तुम्हाला ऐंशीच कशाला हवेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे नियम काय आहे?"

"ऐंशी म्हणजे ऐंशी. एकोणऐंशी नाही, एक्या..."

"हे कुठे लिहिलंय?"

"भिंतीवर," भाऊ म्हणाले.

"ती भिंत तुमची. नियमात 'जास्तीत जास्त ऐंशी' लिहिलंय. कमी चालतं. पन्नासवर लावा, चाळीसवर लावा, चकतीवर तो आकडा येईल. पेटी अडवते एवढं मला दिसलं पाहिजे, बस. मला आधी वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुमचा काही वेगळा हट्ट आहे. म्हणून बोलले नाही."

भाऊ बाईंकडे बघत राहिले. मग मामांकडे. मग स्वतःच्या खिशातल्या दाराच्या मुठीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत असताना सगळं गाव उतारावरून ढकलत नेणारा माणूस त्यांनी तरी पाहिला नव्हता.

"झालं तर," ते एकदम उजळून म्हणाले. "फिटरला सांगतो, पन्नासवर बांधून टाकतो. मामा, सुटलो आपण."

मामांनी चावी फिरवली. इंजिन बंद. "नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"पन्नासची चकती माझ्या पाठीवर लागणार नाही. बावीस जणांच्या पाठीवर ऐंशी आणि माझ्या पाठीवर पन्नास? उद्यापासून पोरं माझ्यामागे हॉर्न वाजवत येतील. त्यापेक्षा भंगारात घाला. आम्ही दोघंही जातो."

"मामा, गाडीच बासष्ट जाते, त्यात..."

"हे आपल्या चार माणसांना माहीत. पाठीवर लिहिलं की जगाला माहीत."

बाईंनी घड्याळ बघितलं. "मला चार वाजता कागद बंद करायचाय. अकरा नंबरसमोर काहीतरी लिहावं लागेल."

भाऊ उतरले आणि गाडीला एक चक्कर मारून आले. हळूहळू, पद्धतशीर, जशी ते विम्याची मुदत तपासायचे तशी. सासरा घरी आला तर काय होईल हे त्यांना स्वच्छ दिसत होतं: दारं, मिक्सर, दात, आणि मग ती खुर्ची. या माणसाला गाडीवरून उतरवणं म्हणजे त्याला आवाजावरून दुसऱ्यांचे ट्रक मोजत बसवणं. चक्कर पूर्ण झाली तेव्हा ते मामांच्या दाराशी थांबले.

"मामा, साठवर बांधू."

"साठ आणि पन्नास, एकच."

"एकच नाही. बघा, पन्नासवर बांधली तर लोक म्हणतील, झेपतंच तेवढं. पण साठवर बांधली तर गाडी साठला अडेल. आपल्याला कळेल की अडवली. आजपर्यंत ती स्वतःहून बासष्टला थांबायची. यापुढे तिला थांबवावी लागेल."

मामांची मिशी हलली.

"आणि एकदा का थांबवली," भाऊ पुढे म्हणाले, "की ती सोडली असती तर किती गेली असती, हे या जगात कोण सांगणार? पेटी तर सील. मॅडमसुद्धा सांगू शकणार नाहीत. काय मॅडम?"

"सील तोडणं गुन्हा आहे," बाई म्हणाल्या.

"ऐकलंत ना मामा."

मग मामांनी चावी फिरवली. "कुठाय तो फिटर?"

दुपारी पेटी साठवर लावून अकरा नंबर पुन्हा मोठ्या रस्त्यावर आली. पन्नास. पंचावन्न. साठ. आणि काटा अडला. मामांनी पाय आणखी दाबला. इंजिनाने नकार दिला, साफ, ठाम, वरिष्ठासारखा. मामांनी पुन्हा दाबला. पुन्हा नकार. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू कुणीतरी त्यांना चार माणसांत 'अहो, आवरा स्वतःला' म्हटलं होतं.

"ओढतेय बघा," ते बाईंना म्हणाले. "जायचंय तिला. जाऊ देत नाही पेटी."

बाईंनी लिहिलं, सील ठोकलं, चकती लावली. चारला दहा मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी खाट, गाद्या, स्टोव्ह, जॅक, खिडकी आणि न उघडणारी पेटी पुन्हा केबिनमध्ये चढवली. आता गाडी साठ तरी गाठते का, हा प्रश्न फिटरच्या ओठांवर आला होता. भाऊंनी त्याला नजरेनेच चहा प्यायला पाठवलं.

मग व्हायचं तेच झालं. मामा डेपोच्या बाकावर बसून तरण्या ड्रायव्हरांना सांगायला लागले. "तुमच्या गाड्यांना ऐंशी देऊन ठेवलेत, कारण तुमच्या गाड्यांत जोर नाही. माझी बांधली साठवर. का बांधली? भीती. सोडली तर हातात राहायची नाही. त्या उतारावर बाईंची लवंग गेली पोटात, विचारा." महिन्याभरात गोष्टीतला वेग शंभर झाला, पुढच्या महिन्यात एकशे दहा. या सगळ्यात खलनायक एकच. "आमचे जावईबापू. स्वतः मुंगीच्या पावलाने चालतात, दुसऱ्याचं बघवत नाही. घरातला माणूस, पण माझीच गाडी बांधली."

घरीही तेच. मामा गाडीवरून आले की जेवताना जावयाला टोमणा ठरलेला. "जरा आमटी वाढ गं. यांना विचार आधी, किती वेगाने वाढायची." बायको हसू दाबत नवऱ्याकडे बघायची. भाऊ खाली मान घालून जेवायचे आणि म्हणायचे, "चुकलंच मामा."

एका दुपारी सत्त्याहत्तरवाला ड्रायव्हर भाऊंच्या टेबलाशी येऊन बसला. बाहेर बाकावर मामांची गोष्ट एकशे वीसच्या पुढे गेली होती आणि खिडकीतून सगळी ऐकू येत होती.

"भाऊ, तुम्ही कागदाचा माणूस. खोटं बोलत नाही. खरं सांगा, अकरा नंबर किती जाते?"

भाऊंनी समोरची वही उघडली. पहिल्या तपासणीच्या रकान्यात बाईंच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: बासष्ट. भाऊंनी ते नीट वाचलं, वही मिटली, तिच्यावर हात ठेवला. बाहेर मामांचा आवाज थांबला होता. तेही उत्तराची वाट बघत असावेत.

"खरं सांगू?" भाऊ जरा मोठ्यानेच म्हणाले. "शेवटपर्यंत दाबायची आमची कुणाची छातीच झाली नाही."